वरीलप्रमाणे

सभागृहाच्या दारावर एकच शब्द लिहायचा होता. तोही साधा, शेंबड्या पोरालाही येईल असा: स्वागत. फक्त तो अकरा भाषांत लिहायचा होता. या 'फक्त'ने माझे सतरा दिवस खाल्ले, माझ्या उजव्या खांद्याची कायमची वाट लावली आणि प्रशासन विभागातल्या एका सज्जन माणसाची झोप उडवली. तरीही चूक माझी नव्हती, असं माझं आजही म्हणणं आहे. चूक माझीच होती, असं हिचं म्हणणं आहे. वाचणाऱ्याने ठरवावं.

झालं असं की विद्यापीठात दरवर्षी एक कलामेळा भरतो. लांबलांबून शिकायला आलेली मुलं आपापलं नाचणं, गाणं, वाजवणं, विणणं, कागदाच्या चिमण्या करणं असं सगळं तिथे मांडतात. मी त्या सभागृहाचा एकतीस वर्षं राखणदार होतो. निवृत्त झालो, पण क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीतच घर घेतल्यामुळे माझ्या निवृत्तीवर कुणाचा विश्वास बसत नाही. सांस्कृतिक विभागाच्या बाई एके सकाळी घरीच आल्या आणि म्हणाल्या, "काका, यंदा अकरा भाषांची मुलं आहेत. प्रत्येकाच्या भाषेत दारावर एकेक पाटी हवी. हाताने लिहिलेली. यंत्रातून काढली की सगळ्या भाषा एकाच कारखान्यातून आल्यासारख्या दिसतात."

"पण मीच का?" असं मी विचारलं. विचारण्यापुरतंच. उत्तर मला माहीत होतं. सभागृहातल्या सहाशे चाळीस खुर्च्यांवरचे आकडे मी रंगवलेत, तेही दोनदा. चारशे बारा नंबरच्या खुर्चीवरचा चार कुणीही जाऊन पाहावा. असा चार छापखान्यालाही जमणार नाही.

"तुम्ही अक्षर काढता ना काका, बाकीचे नुसतं लिहितात," बाई म्हणाल्या.

हे मात्र खरं. मला वाचता येऊ लागलं ते सेहेचाळिसाव्या वर्षी. हिने शिकवलं, स्वयंपाकघरात, लाटण्याच्या धाकावर. तोवर अक्षरं म्हणजे माझ्यासाठी चित्रंच होती आणि मनातून अजून आहेत. एकदा अक्षर ओळखीचं झालं की माणूस त्याच्याकडे नीट बघणं सोडतो. मी अजून बघतो.

बाई गेल्या आणि बातमी गल्लीत फिरली. ती मीच फिरवली, हे कबूल करतो. पहिले आले शेजारचे पोस्टमास्तर. हे निवृत्त झाल्यापासून सल्ले देतात आणि ते पोचल्याची खात्री करून घेतल्याशिवाय उठत नाहीत. "लाल रंग नको," ते म्हणाले. "लाल दिसला की माणूस दोन पावलं मागे सरतो. आणि निळा नको, दवाखाना वाटतो. पिवळ्यावर माश्या बसतात."

"मग कुठला घेऊ?"

"ते तुम्ही ठरवा. मी फक्त सल्ला देतोय."

वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या वहिनी जिन्यातूनच ओरडल्या, "भाऊजी, आधी बेतून घ्या हं! कापडासारखं. नाहीतर शेवटचं अक्षर बाहीत कोंबल्यासारखं कोंबावं लागतं."

मला बेतायला शिकवतात! सहाशे चाळीस खुर्च्या! मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तिसऱ्या पाटीचं शेवटचं अक्षर कडेला अंग चोरून उभं आहे, ते केवळ त्या भाषेतले शब्द गरजेपेक्षा लांब असतात म्हणून.

आता मुख्य गोष्ट. मी वही घेऊन कँटीनमध्ये गेलो. मुलं तिथे सापडतात. आपली भाषा ती शिकली आहेत, पण कंडक्टरकडून, कँटीनवाल्याकडून आणि खोलीच्या मालकिणीकडून. त्यामुळे 'पुढे सरका', 'सुटे द्या', 'गिझर बंद कर' हे त्यांना अस्खलित येतं. मी ढोलवाल्या मुलाला म्हटलं, "बाळ, तुझ्या भाषेत 'स्वागत' लिहून दे."

"स्वागत म्हणजे काय, आजोबा?"

मी विचारात पडलो. खरंच, म्हणजे काय? आपणसुद्धा हा शब्द कमानीवर बघतो आणि माइकवर ऐकतो, रोज कुणी तोंडाने वापरत नाही. मग मी फोड करून सांगितली. "हे बघ, तुझ्या घरी दारात कुणी आलं की घरातलं माणूस काय म्हणतं? ते लिही."

पोराचा चेहरा असा उजळला! त्याने वही ओढून घेतली आणि झरझर लिहिलं. ही फोड मला इतकी आवडली की मी सगळ्यांना तीच सांगत सुटलो. भूगर्भशास्त्राचा उंच मुलगा लिहिताना खुदकन हसला. दोघी बहिणी होत्या, त्या आधी आपापसात भांडल्या आणि मग एकीने लिहिलं. एकाने पेन हातात धरून बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटलं, काय गोड शब्द आहे हा, स्वागत! 'स्वागत' म्हटल्यावर कुणाचाही चेहरा असा उजळत नसतो, ही शंका तेव्हाच यायला हवी होती. आली नाही.

दहा झाल्या. अकरावी मुलगी प्रयोगशाळेत होती. ती बुरशीवर संशोधन करते, म्हणून तिला सगळे बुरशीवाली म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. तिने मान न उचलता सांगितलं, "माझी नको."

"का गं?"

"माझी भाषा बोलणारं या गावात दुसरं कुणी नाही. इतरांचं कुणी ना कुणी आहे. पाटी लावून काय करायचं? कोण वाचणार?"

"मी वाचीन," मी म्हणालो. बोलण्याआधी विचार करायची सवय मला वाचनापेक्षाही उशिरा लागणार आहे.

तिने मान उचलली. "तुम्ही?"

"त्यात काय? सेहेचाळीस वर्षं मला सगळ्याच भाषा सारख्या परक्या होत्या. त्यातलीच ही एक."

तिला हसू आलं. तिने बुरशी वाढवायच्या बशीच्या झाकणावर चिकटवायच्या चिठ्ठीवर दोन शब्द लिहिले आणि म्हणून दाखवले. मी म्हटले. "आवाज खाली, आजोबा. शेवटी खाली न्या." मी खाली नेला. चौथ्यांदा तिने मान हलवली आणि मग अगदी सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या दिवशी दारात तुम्ही खरंच वाचणार असाल, तर मी येईन. नाहीतर मागच्या मेळ्याला मी इथेच होते. बुरशीला सुट्टी नसते."

"मी वाचणार, तू यायचंस. ठरलं," मी म्हणालो.

पाट्या करण्याआधी परवानगी हवी होती. प्रशासनात एक हेडक्लार्क आहेत. कुठलाही कागद नेला की ते मान वर करून विचारतात, "याचं परिशिष्ट?" म्हणून त्यांचं नावच परिशिष्ट पडलंय. माणूस सरळ. नियमाबाहेर एक पाऊल टाकायचं नाही आणि दुसऱ्याला टाकू द्यायचं नाही. त्यांनी मला एक तक्ता दिला. रकाने चार: भाषा, मजकूर, मजकुराचा अर्थ, आक्षेपार्ह आहे काय.

मी पहिल्या ओळीत अर्थाच्या रकान्यात सुबक अक्षरात 'स्वागत' लिहिलं. त्याखाली दहा वेळा 'वरीलप्रमाणे'. आक्षेपार्ह आहे काय, तर 'नाही' आणि पुन्हा दहा वेळा 'वरीलप्रमाणे'. हा शब्द मला फार आवडतो. एकदा खरं बोललं की पुढे किती वेळा पुन्हा बोलण्याची मेहनत वाचते! परिशिष्टांनी तक्ता वरून खाली, खालून वर पाहिला. एकही रकाना रिकामा नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा समाधान पाहिलं. त्यांनी 'अर्थ तपासला' असा शिक्का मारला आणि खाली सही केली.

मग व्हरांड्यात प्लायवूडच्या अकरा पाट्या मांडून मी बसलो. दहा दिवस गल्लीतून येणारा-जाणारा उभा राहून बघत असे. एकाने विचारलं, "ही भाषा उजवीकडून वाचतात का?" मी म्हणालो, "हो." दुसऱ्याने दुसऱ्या पाटीबद्दल विचारलं, "ही वरून खाली?" मी म्हणालो, "हो." खरं तर मला काहीच माहीत नव्हतं, पण हातात ब्रश असला की माणूस तज्ज्ञ दिसतो. ही आतून म्हणायची, "अहो तज्ज्ञ, दूध उतू जातंय तिकडेही बघा."

पाचवी पाटी वाळत असताना वहिनींचं मांजर तिच्यावरून चालत गेलं. एरवी पुसून टाकलं असतं. पण ती भाषा ठिपक्यांची! प्रत्येक अक्षराखाली-वर ठिपके. आता यातले त्या भाषेचे कुठले आणि मांजराचे कुठले? वही काढून मोजले. वहीत नऊ, पाटीवर तेरा. चार जास्त निघाले. मांजराला पायही चारच असतात, म्हणजे हिशेब जुळला. पण वहीतले ठिपके घाईत इकडेतिकडे पडलेले, मग जास्तीचे कुठले चार? पोस्टमास्तर भिंग घेऊन आले. वहिनी मांजर घेऊन आल्या, त्याचा पंजा ठिपक्यांवर टेकवून बघायला. मांजराने पोस्टमास्तरांना ओरबाडलं. त्यांनी लगेच वहिनींना मांजर पाळण्याविषयी सल्ला दिला. त्यावरून दोघांत जे झालं ते मी इथे लिहीत नाही. पाटी मी पुन्हा पहिल्यापासून केली.

मेळ्याच्या दोन दिवस आधी, दुपारी, पाट्या दारावर चढल्या. मी खाली उतरून शिडीला टेकलो. काय दिसत होतं दार! अकरा प्रकारची अक्षरं, सगळी ताठ, सगळी माझ्या हातची. ढोलाचा सराव आटपून तो मुलगा बाहेर आला. त्याने आपली पाटी पाहिली, ढोल खाली ठेवला, ढोलावर बसला आणि पोट धरून हसायला लागला.

"काय रे, काही चुकलं का?"

"नाही आजोबा, एकदम बरोबर! हे माझी आई म्हणते! रोज! अशीच!"

"हो ना. स्वागत."

"नाही, नाही," तो डोळे पुसत म्हणाला. "'पाय पुसून ये!'"

 एव्हाना बाकीची मुलं जमली होती आणि जो तो आपली पाटी वाचून हसत होता. मी एकेकाला विचारत गेलो. भूगर्भवाल्याची पाटी म्हणत होती, 'थांबा, कुत्रं बांधतो.' दोघी बहिणींची: 'आता काय विसरलीस?' ठिपक्यांची, दोनदा केलेली, 'दार हळू लाव, बाळ झोपलंय.' सगळ्यात देखणी पाटी, नागमोडी अक्षरांची, जिच्यासमोर उभे राहून पोस्टमास्तर 'वा, काय भारदस्त भाषा आहे' म्हणाले होते, ती म्हणत होती, 'आम्हाला काही विकत घ्यायचं नाही.'

अकरांपैकी एकानेच 'स्वागत' लिहिलं होतं. तो अर्थशास्त्राचा. त्याला इतर मुलं म्हणत होती, "तुझ्या घरी खरंच असं म्हणतात?" आणि तो बिचारा ओशाळून उभा होता.

आणि बुरशीवालीची? ती तिथे नव्हती. मी धापा टाकत प्रयोगशाळेत गेलो. "तुझ्या पाटीवर काय आहे?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत तेच. बाबा आतून विचारतात, 'कोण आहे?'"

बाईंनी कपाळाला हात लावला, पण त्या हाताआडून हसत होत्या, ते मी पाहिलं. परिशिष्ट हसले नाहीत. त्यांनी मला समोर बसवून तक्ता पुढे केला. "काका, इथे काय लिहिलंय?"

"वरीलप्रमाणे."

"'कुत्रं बांधतो' हे 'स्वागत'च्या वरीलप्रमाणे आहे?"

"भावना तीच आहे," मी म्हणालो. चांगलं उत्तर होतं. परिशिष्टांच्या तक्त्यात भावनेचा रकाना नव्हता, हे दुर्दैव.

"आणि हा शिक्का कुणाचा? 'अर्थ तपासला'! माझा! अठ्ठावीस वर्षांत माझ्या सहीखाली चुकीचं एक अक्षर गेलेलं नाही."  मला त्यांचं वाईट वाटलं. त्याहून माझं वाटलं. पाट्या त्याच संध्याकाळी उतरल्या. माझ्याच शिडीवरून. गल्लीतले लोक फिरायला निघाले होते तेव्हाच. पोस्टमास्तरांनी विचारलं, "वारा लागू नये म्हणून उतरवता का?" मी "हो" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीतल्या यंत्रातून अकरा भाषांतलं 'स्वागत' छापून आलं. लांबलचक कापडी फलक, चकचकीत. दारावर ताणून बांधला. मुलं बघायला आली आणि आपापली भाषा शोधू लागली. अकरांपैकी पाच भाषा व्यवस्थित होत्या. उरलेल्या सहांच्या जागी नुसत्या चौकटी. रिकाम्या, एकाच मापाच्या, ओळीने उभ्या. त्या यंत्राला ती अक्षरंच माहीत नव्हती म्हणे, म्हणून प्रत्येक अक्षरामागे त्याने एक चौकट ठेवून दिली.

"एका रेषेत तर आहेत," परिशिष्ट म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जीव नव्हता.

ढोलवाला मान वाकडी करून बघत होता. "सर, माझ्या आईने हे बघितलं तर ती खिडक्या समजेल."

बाईंनी मग निर्णय दिला. काकांच्याच पाट्या लागतील आणि प्रत्येकीखाली आपल्या भाषेत खरा अर्थ लिहिला जाईल. परिशिष्टांनी नवा तक्ता मागितला. या वेळी मी एकदाही 'वरीलप्रमाणे' लिहिलं नाही. त्यांनी एकेक ओळ मोठ्याने वाचून आक्षेप तपासला. 'पाय पुसून ये', स्वच्छतेच्या दृष्टीने योग्य, मंजूर. 'बाळ झोपलंय', शांततेच्या दृष्टीने योग्य, मंजूर. 'आम्हाला काही विकत घ्यायचं नाही' हे त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आपल्या खरेदी समितीचं धोरण हेच आहे." मंजूर.

अकरावीवर पेन अडलं. "'कोण आहे?' हे चालणार नाही."

"का?"

"उद्या प्रमुख पाहुणे येणार. स्वतः कुलगुरू त्यांना घेऊन दारात येणार. आणि विद्यापीठ त्यांना विचारणार, कोण आहे? आपणच निमंत्रण पाठवलंय, काका! आपल्याला माहीत नको?"

"त्या पोरीला मी शब्द दिलाय."

"शब्दाचा रकाना नाही," ते म्हणाले. खवचटपणे नव्हे, खरोखर शोधून म्हणाले. मग अकराव्या ओळीपुढे त्यांनी लिहिलं: 'दारावर लावण्यास नामंजूर.'

मी पाटी काखेत मारून घरी आलो आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. दहा पाट्या लागल्या याचा आनंद मानावा, असं पोस्टमास्तर खिडकीतून सुचवून गेले. पण जिला वाचणारं गावात कुणी नव्हतं, नेमकी तीच पाटी नामंजूर झाली होती. बाकीच्या दहा मुलांना दारात आपलं माणूस भेटणार आणि ही बशीतल्या बुरशीशी बोलत बसणार. आणि मी? मी तिला सांगणार काय? परिशिष्ट नाही म्हणाले?

ही भाजी निवडत होती. "काय लिहिलंय म्हणालात त्यांनी?"

"दारावर लावण्यास नामंजूर."

"दारावर," ही म्हणाली. "हातात धरण्यास काही लिहिलंय का?"

मी वळून हिच्याकडे पाहिलं. ही तशीच देठं मोडत होती. मला वाचायला हिने शिकवलं, पण कागद कसा वाचतात हे अजून माझ्या डोक्यात शिरायचंय.

मेळ्याच्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरून दाराच्या मधोमध उभा राहिलो. साडेतीन फूट प्लायवूड. वरून माझं डोकं आणि खालून चपला एवढंच दिसत असावं. येणाऱ्या प्रत्येकाला मी ते दोन शब्द वाचून दाखवायचो. पाटीखालचा अर्थ वाचून लोक उत्तर द्यायचे. पोस्टमास्तर दचकून म्हणाले, "अहो मी! शेजारचा! ओळखत नाही?" वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, अंगात आलंय का?"

परिशिष्ट धावत आले. "काका, ही पाटी..."

"दारावर नाही. हातात आहे."

त्यांनी तिथेच नियमांची वही उघडली. पानं उलटली. पुन्हा उलटली. "हातातल्या पाटीसंबंधी तरतूद नाही," ते पुटपुटले आणि माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, त्यात राग कमी आणि आदर जास्त होता, असं मला वाटलं. मी त्यांनाही वाचून दाखवलं. ते सवयीने म्हणाले, "हेडक्लार्क, प्रशासन," आणि आत गेले.

मग प्रमुख पाहुणे. कुलगुरू पुढे, पाहुणे मागे, त्यामागे गुच्छ घेतलेले चारजण. मी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाचलं. पाहुणे थबकले. पाटीखाली पाहिलं. मग हात जोडून त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, मग तीन पदव्या, मग कुठल्या मंडळावर आहेत ते, आणि शेवटी जरा थांबून, "आत येऊ का?" असं विचारलं. एवढी नम्रता त्यांनी भाषणातही दाखवली नाही, असं बाई नंतर म्हणाल्या.

पण भाषण ऐकलं कुणी? लोक आत जाईनातच. प्रत्येकाला सगळ्या पाट्यांची उत्तरं हवी होती. 'पाय पुसून ये'ला तुम्ही काय म्हणता? 'पुसलेत गं!' आणि 'आता काय विसरलीस?'ला? मुलं शिकवत होती, म्हातारे गिरवत होते, भूगर्भवाला एका आजींना कुत्रं भुंकतं तसं भुंकून दाखवत होता. आत कुलगुरूंनी चाळीस मिनिटं 'विविधतेतील सौहार्द' यावर सहाशे चाळीस खुर्च्यांशी संवाद साधला. खुर्च्यांवरचे आकडे मात्र मंचावरून सगळे स्पष्ट दिसले असतील.

अकरा वाजले. बारा वाजले. आत ढोल सुरू झाला, थांबला, टाळ्या झाल्या. बुरशीवालीचा पत्ता नव्हता. ही मधूनच येऊन माझ्या तोंडाला चहा लावत होती. "टेकवा ती पाटी जरा."

"नाही."

"हट्टी माणूस."

"ती येईल तेव्हा पाटी खाली दिसली तर?"

 पाटीच्या एका बाजूला हिने हात लावला आणि थोडा वेळ उभी राहिली.

चार वाजता गर्दी ओसरली. खांदे आपले नाहीतच असं वाटत होतं. एवढ्यात सायकल स्टँडच्या खांबामागे पांढरा कोट हलला. ती तिथे उभी होती, दोन्ही हातांनी तोंड दाबून.

मी शक्ती एकवटून वाचलं.

तिने हात काढले आणि इतकी हसली, इतकी हसली की खांब धरून खाली बसली. मग डोळे पुसत आली. "आजोबा, तुम्ही सकाळपासून लोकांना हेच विचारताय?"

"हो. कोण आहे?"

"नाही! शेवटी आवाज वर नेताय तुम्ही. वर नेला की त्याचा अर्थ होतो..." तिला पुढे बोलवेना. "त्याचा अर्थ होतो, 'बकरी सापडली का?'"

माझ्या डोळ्यांपुढे एकेक जण येऊन गेला. पोस्टमास्तर. परिशिष्ट. आणि हात जोडून उभे असलेले प्रमुख पाहुणे. 'बकरी सापडली का?' या प्रश्नाला त्या सद्गृहस्थाने वडिलांच्या नावासकट तीन पदव्या सांगितल्या होत्या. माझ्या मागे ही पाटीची कड धरून हसत होती, ते मला पाटी थरथरल्यावर कळलं.

"मग तू आली का नाहीस गं? मी सकाळपासून..."

"आले होते. तीनदा," ती म्हणाली. "खांबापर्यंत. आमच्याकडे बकऱ्या आहेत, आजोबा. एक सारखी हरवते. संध्याकाळी मी दारात आले की बाबांचं पहिलं वाक्य तेच असायचं." तिचं हसणं आता वेगळ्या बाजूला झुकायला लागलं होतं. "हे वाक्य मला इथे कुणी म्हणेल असं वाटलं नव्हतं. मला तिथून जावंसंही वाटेना आणि पुढेही येववेना."

मी खोकलो. नाक साफ करायला हात मोकळे नव्हते.

"आता नीट शिकव," मी म्हणालो.

तिने म्हणून दाखवलं. मी म्हटलं. "खाली, आजोबा, खाली." मी आणखी खाली नेलं, पायऱ्या उतरल्यासारखं. तिने मान हलवली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तीन पायऱ्या उतरून ती परत खाली गेली, कोट झटकला, केस मागे सारले आणि आत्ताच आल्यासारखी पुन्हा वर येऊ लागली. मी पाटी सरळ धरली आणि घरात आत कुठेतरी बसून विचारावं तसं, मोठ्याने नाही, वाचलं.

ती दारात थांबली. आपल्याकडे घरचं माणूस जसं नाव सांगत नाही, आवाजावरून ओळखतीलच असं धरून चालतं, तसं आपल्या भाषेत म्हणाली, "मीच."

मी पाटी बाजूला घेतली. दार मीच अडवून उभा होतो.